सव्विसाव्या वाढदिवसाआधी युरोप

जर्मनीत मास्टर्सला आलेल्या मराठी मुलामुलींची दोन टोकं मी पाहिली आहेत. काही जण पहिल्याच सुट्टीत स्वित्झर्लंड करून येतात आणि मग घरी फोन करून पैसे मागतात. काही जण वसतिगृह, मेन्सा (म्हणजे विद्यापीठाची खानावळ) आणि लॅब एवढ्यातच दोन वर्षं काढतात, आणि युरोप पाहतात तो परतीच्या विमानातून. मी मधला रस्ता शोधत राहिले. साताऱ्याहून नैऋत्य जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न या मध्यम गावात शिकायला आले, शैक्षणिक कर्ज घेऊन आले आणि तरीही बऱ्यापैकी फिरले.

आता नोकरी आहे, हातात तेव्हापेक्षा जास्त पैसे आहेत, पण तेव्हाइतकं स्वस्त फिरणं आता जमत नाही. विद्यार्थ्याकडे पैसा सोडून तीन गोष्टी असतात: कमी वय, मोकळा वेळ आणि खिशातली ओळखपत्रं. युरोपात या तिन्हींवर सूट मिळते, कधी कधी सगळंच फुकट मिळतं. आणि या तिन्हींना मुदत असते. दर ऑक्टोबरात नवी मंडळी येतात, तेच प्रश्न विचारतात. त्यांना सांगून सांगून जे पक्कं झालं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

1. फिरायचे पैसे वेगळे मिळवा, वेगळे ठेवा

विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावा लागतो. सध्याचा आकडा 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992. खोलीभाडं, आरोग्यविमा, किराणा, सेमिस्टरची फी यांत हे पैसे कुठे जातात ते कळतही नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते कर्जाचे असतात आणि त्यांवर साताऱ्याच्या बँकेत व्याज चालू असतं. या पैशाला प्रवासासाठी हात लावायचा नाही, हे मी आल्याआल्या ठरवलं.

प्रवास करायचा तो इथे कमावलेल्या पैशातून. विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. मी विभागात हिवी, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली काम करणारी विद्यार्थी-सहायक होते. पगार आला की त्यातला ठरावीक हिस्सा दुसऱ्या खात्यात टाकायचे. त्या खात्यात जेवढं, तेवढंच फिरणं.

पहिल्यांदा प्रागला निघाले तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, “कर्जावर शिकतेयस आणि प्राग बघतेयस?” आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी वाद घातला नाही. दोन्ही खात्यांचे आकडे, बसचं तिकीट, होस्टेलचं भाडं असं सगळं एका कागदावर लिहून त्यांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रश्न आला, “अगं, पण बसमध्ये रात्रभर बसवेल का तुला?” तेव्हापासून प्रत्येक प्रवासाचा हिशेब मी आधी बाबांना पाठवायचे. त्यांना विश्वास वाटायचा आणि माझ्यावर वचक राहायचा.

2. रुपयांचा गुणाकार सोडा, तासांचा भागाकार करा

युरो शंभर रुपयांच्या आसपास असल्याने गुणाकार फार सोपा झाला आहे आणि तोच घात करतो. साडेतीन युरोची कॉफी साडेतीनशे रुपयांची वाटते आणि घशाखाली उतरत नाही. असा माणूस काहीच करत नाही, नाहीतर एके दिवशी वैतागून हिशेबच सोडून देतो.

मी खर्च कामाच्या तासांत मोजायला लागले. जर्मनीत किमान वेतन 2026 च्या जानेवारीपासून तासाला 13.90 युरो आहे. चाळीस युरोचं बसतिकीट म्हणजे एका दुपारचं काम. क्राकोवसाठी एक दुपार द्यायला मी तयार आहे का? आहे. झुरिकमध्ये हॉटेलात एक वेळ जेवायला दोन तासांचं काम द्यायला तयार आहे का? अजिबात नाही; तिथे डबा. या मोजणीमुळे कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आवळायचा हे आपोआप कळू लागलं.

3. खिशातली कार्डं दोन्ही बाजूंनी वाचा

जर्मनीचा निवासपरवाना हातात आला की शेंगेनच्या इतर देशांत, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत, वेगळा व्हिसा न काढता हिंडता येतं. शेंगेनमध्ये आज 29 देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. लंडनच्या स्वस्त तिकिटाला भुलण्याआधी तिथल्या व्हिसाची फी त्यात मिळवून बघा.

सोबत मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड हवं. मोबाइलमधला फोटो चालत नाही. सीमा खुल्या आहेत असं आपण ऐकून असतो, पण जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे. रात्रीच्या बसमध्ये दिवे लागतात, पोलीस चढतात, आणि आपल्यासारख्या चेहऱ्यांपाशी जरा जास्त वेळ थांबतात. अशा वेळी कागद वरच्या कप्प्यात असले की विषय मिनिटात संपतो.

कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज केला असेल तर मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद मिळतो. त्यावर कोणत्या चौकटीत खूण केली आहे त्यावरून प्रवासाची मुभा ठरते. हे मित्राला विचारू नका, कार्यालयात विचारा. मित्राची चौकट वेगळी असू शकते.

आणि विम्याचं कार्ड उलटं करून पाहा. जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्यविम्यात असाल तर त्याच्या पाठीवरच युरोपीय आरोग्यविमा कार्ड छापलेलं असतं. फ्रान्स, इटली, पोलंडमध्ये अचानक आजारी पडलात तर तिथल्या सरकारी व्यवस्थेत ते चालतं. भारतीय पासपोर्टवर मात्र डेन्मार्क, नॉर्वे, स्वित्झर्लंड अशा काही देशांत ते चालत नाही. तिथे जाताना थोड्या पैशांचा प्रवासविमा काढावा. बर्फात पाय घसरायला शेंगेनची सीमा लागत नाही.

4. हळू गाडीची सवय लावून घ्या

मे 2023 मध्ये जर्मनीत 49 युरोचं डॉइचलांडटिकेट सुरू झालं. महिनाभर देशातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, शहरी लोकल, ट्राम, बस त्यावर चालतात. पुढे ते 58 युरो झालं आणि 2026 च्या जानेवारीपासून 63. अनेक विद्यापीठांत हेच तिकीट सेमिस्टरच्या फीसोबत 60 टक्के किमतीत मिळतं. आयसीई, आयसी अशा जलद गाड्या यात नाहीत. म्हणजे जलद गाडी हँबुर्गहून म्यूनिकला सहा तासांत नेते, तर आपण चारपाच गाड्या बदलत सगळा दिवस घालवायचा.

विद्यार्थ्याकडे तो दिवस असतो. माझे निम्मे शोधनिबंध मी या गाड्यांत वाचले. शिवाय या तिकिटाची हद्द थोडी सीमेपलीकडेही जाते. म्यूनिकहून निघालेली प्रादेशिक गाडी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत याच तिकिटावर नेते.

माझा सगळ्यात आवडता फुकट परदेश मात्र जवळचा. ट्रिअरहून मोझेल नदीच्या काठाकाठाने एक छोटी गाडी पेर्ल या जर्मन गावापर्यंत जाते. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. पेर्लला उतरून पूल ओलांडला की लक्झेंबर्ग देश, आणि पुलापलीकडच्या गावाचं नाव शेंगेन. ज्या नावाच्या व्हिसासाठी मुंबईत लोक रांगा लावतात ते हे एवढंसं गाव. 14 जून 1985 रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी इथे नदीत उभ्या केलेल्या बोटीवर सीमा खुल्या करण्याच्या करारावर सह्या केल्या. जागा मुद्दाम निवडलेली होती. जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग तिथे एकमेकांना भिडतात. दुपारच्या फेरफटक्यात तिन्ही देशांत पाय टाकून होतो.

तिथून पुढे तिकीटच लागत नाही. लक्झेंबर्गने मार्च 2020 पासून देशभरातल्या बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांसाठी मोफत केला आहे, पाहुण्यांसाठीसुद्धा. युरोपातल्या अतिश्रीमंत देशांपैकी एक, आणि तिथे मी फक्त पाण्याची बाटली आणि दशम्या घेऊन दिवसभर हिंडले आहे.

हळू गाडीचा एकच नियम: परतीची शेवटची गाडी धरायचा बेत करू नये, शेवटून दुसरी धरावी. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाच्या ज्या गोष्टी आपल्याकडे सांगतात त्या जुन्या झाल्या. पाच बदल असतील तर त्यातली एक गाडी चुकणारच, असं गृहीत धरून निघावं.

5. तिकिटाचा आकडा आणि प्रवासाचा खर्च यांत फरक असतो

पंधरा युरोत बार्सेलोना! अशा आकड्याने पहिल्या सेमिस्टरला सगळेच वेडे होतात. त्या आकड्याशेजारी आणखी काही आकडे मांडायला शिका.

विमानतळ कुठे आहे? “फ्रांकफुर्ट-हान” हा विमानतळ फ्रांकफुर्टपासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे पॅरिसपासून 85 किलोमीटरवर आहे. म्यूनिकच्या नावाने चालणारं मेमिंगनसुद्धा शंभरावर किलोमीटर दूर. तिथून शहरात नेणाऱ्या बसचं भाडं कधी कधी विमानाएवढं होतं. पहाटेचं उड्डाण असेल तर आदली रात्र विमानतळाच्या बाकड्यावर. बॅग आसनाखाली मावणारी हवी, एक इंच मोठी झाली तर दारात दंड, आणि तो दंड तिकिटाहून मोठा असतो.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. काही स्वस्त कंपन्यांकडे युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना आधी काउंटरवर जाऊन कागद तपासून घ्यावे लागतात. ऑनलाइन चेक-इन झालं म्हणून थेट दारापाशी गेलेल्या एका नागपूरच्या मुलाला माझ्यासमोर परत पाठवलं. तो धावत काउंटरवर जाऊन येईपर्यंत दार बंद झालं होतं. तिकिटाखालचा बारीक मजकूर या एका गोष्टीसाठी तरी वाचावाच.

सगळं मांडून झाल्यावर सात-आठशे किलोमीटरपर्यंत बहुतेक वेळा बस किंवा आधी काढलेलं रेल्वेतिकीट जिंकतं. त्यापुढे विमान. रात्रीच्या बसने एका रात्रीचं भाडं वाचतं हे खरं, पण लागोपाठ दोन रात्री बसमध्ये काढू नयेत. तिसऱ्या दिवशी समोर कितीही सुंदर चर्च असलं तरी आपण आत जाऊन फक्त बाकावर झोपतो.

6. वय दाखवायला लाजू नका

पॅरिसचं लूव्र संग्रहालय, ओर्से, व्हर्सायचा राजवाडा: युरोपीय संघात राहणाऱ्या, सव्वीस वर्षांखालच्या सगळ्यांना इथे प्रवेश मोफत आहे. अट राहण्याची आहे, नागरिकत्वाची नाही. जर्मन निवासपरवाना असलेला साताऱ्याचा विद्यार्थी त्यात बसतो. युरोपबाहेरून येणाऱ्या पाहुण्याला याच लूव्रसाठी 2026 च्या जानेवारीपासून 32 युरो मोजावे लागतात. पण कार्ड बरोबर हवं आणि वेळेचं आरक्षण आधी करायला हवं.

म्हणून इथे आल्यावर पहिल्यांदा आपली जन्मतारीख समोर ठेवून कॅलेंडर आखा. इंजिनिअरिंग, मग दोन वर्षं पुण्यात नोकरी, मग मास्टर्स, असं करत आलेली मुलं बहुधा चोवीस-पंचवीसची असतात. त्यांनी फ्रान्स आधी करावा. पोलंड थांबू शकतं.

रेल्वेचा इंटररेल पास 1972 मध्ये तरुणांसाठीच सुरू झाला. आज तो कोणत्याही वयाला मिळतो, पण 27 वर्षांपर्यंत सवलत आहे. भारतातून येणाऱ्याला युरेल घ्यावा लागतो. युरोपात राहणाऱ्याला, पासपोर्ट कुठलाही असो, इंटररेल मिळतो. मायदेशात, म्हणजे आपल्या बाबतीत जर्मनीत, तो बाहेर पडायला एकदा आणि परत यायला एकदाच चालतो. ती उणीव डॉइचलांडटिकेट भरून काढतं. फ्रान्स, इटली, स्पेनच्या जलद गाड्यांत पास असूनही आसनाच्या आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, तेही हिशेबात धरा.

वय उलटलं तरी वेळ असतो. इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वस्थळं मोफत असतात, त्यांत रोमचं कोलोसियम आणि पॉम्पेईसुद्धा. माद्रिदचं प्रादो संग्रहालय रोज शेवटचे दोन तास मोफत. बर्लिनच्या संसदेचा काचेचा घुमट नाव नोंदवलं की वर्षभर मोफत. म्यूनिकजवळच्या डाखाउ छळछावणीच्या स्मारकालाही तिकीट नाही. तिथे मात्र इतर काही जोडून बघू नका. तो दिवस तेवढ्यासाठीच ठेवा.

7. पिशवीत बेसन असू द्या

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री पोहोचणारा विद्यार्थी रविवारी स्टेशनवरच्या दुकानात तिप्पट पैसे देऊन पाव खातो. शनिवारी निघतानाच खाणं बांधून घ्यावं.

माझ्या पिशवीत पहिल्या दिवसाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकुटाची पुडी आणि पाव किलो बेसन असायचं. होस्टेलच्या स्वयंपाकघरात मीठ आणि तेल बहुधा कुणीतरी ठेवून गेलेलं असतं. एक कांदा विकत घेतला की दहा मिनिटांत पिठलं. बुडापेस्टच्या होस्टेलात त्या वासाने एक ब्राझीलचा मुलगा आणि दोन कोरियन मुली ताटल्या घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे भात होता. बेत झाला.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी जवळपास सगळीकडे पिण्याचं असतं, आणि रोममध्ये तर रस्तोरस्ती वाहत्या पाण्याचे लोखंडी नळ आहेत. इटलीत कॉफी उभ्याने प्या. त्याच कॉफीला खुर्चीवर बसल्याचे वेगळे पैसे पडू शकतात. दुपारी एकदा विद्यापीठाची मेन्सा शोधा. बऱ्याच ठिकाणी बाहेरच्यांनाही पाहुण्यांच्या दराने जेवण मिळतं आणि ते शेजारच्या हॉटेलापेक्षा स्वस्त असतं.

8. कुणाकडे उतराल तर काही तरी देऊन या

स्वस्त निवासाची कल्पनाच मुळी जर्मनीतली. रिशार्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर 1909 मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले. वादळात अडकले. रात्र एका गावातल्या शाळेत काढली, आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत मुलांची सोय का करू नये, हा विचार त्यांच्या डोक्यात आला. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं यूथ होस्टेल उभं राहिलं. आपल्याकडे यूथ होस्टेल्सच्या हिमालयातल्या ट्रेकला गेलेली मंडळी घरोघरी आहेत. ते झाड इथलं.

आज खाजगी होस्टेलंही भरपूर आहेत. आठ-दहा खाटांची खोली घ्या, स्वतःचं कुलूप, कानातले बोळे आणि पंचा न्या. मुलींसाठी वेगळी खोली दोनचार युरो जास्त घेते. मी एकटी असताना ते बिनदिक्कत दिले. रात्री उशिरा पोहोचत असाल तर होस्टेल स्टेशनजवळच घ्या, लांबचं स्वस्त घेऊ नका. पैसे वाचवायच्या बाकी अनेक जागा आहेत.

सगळ्यात स्वस्त अर्थातच ओळखीतली जमीन. पुण्याच्या कॉलेजातला कुणी आखेनला, कुणी ड्रेस्डेनला, कुणी डेल्फ्टला, कुणाची मावसबहीण मिलानला. व्हॉट्सॲपवर एक निरोप टाकला की गादी मिळते. पण ही गादी फुकट समजू नये. तो मित्र तीन अनोळखी लोकांबरोबर घर वाटून घेऊन राहतो आणि बाथरूम एकच असतं. आधी त्या तिघांना विचारायला सांगा. दोन रात्रींच्या वर राहू नका. रात्री दहानंतर इमारतीत आवाज करू नका. पोहोचल्यावर किराणा आपण आणा, एका रात्रीचा स्वयंपाक आपण करा, भांडी घासूनच निघा. ज्यांनी हे पाळलं त्यांना दुसऱ्यांदा बोलावणं आलं. ज्यांनी पाळलं नाही त्यांची नावंही सगळ्यांना माहीत आहेत.

9. जायला आपलं कारण शोधा

हा धडा उशिरा सुचला आणि यानेच सगळ्यात जास्त पैसे वाचवले. दुसऱ्यांच्या यादीप्रमाणे फिरायला गेलं की गर्दीच्या दिवशी, गर्दीच्या जागी, गर्दीच्या दराने फिरावं लागतं. स्वतःचं कारण असलं की ते बहुधा गावाच्या कडेला सापडतं आणि त्याला तिकीट नसतं.

फ्लॉरेन्सला सगळे उफिझी संग्रहालयाच्या रांगेत होते, तेव्हा मी आर्नो नदीच्या काठाने कास्चिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला चालत गेले. तिथे एक छत्री आहे. अस्सल हिंदुस्थानी घडणीची, खाली एका तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे राजाराम महाराज. 1870 मध्ये युरोपचा प्रवास करून परतताना फ्लॉरेन्समध्ये ते वारले. वय जेमतेम विशीतलं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, खास परवानगी घेऊन, त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, आणि त्या जागी हे स्मारक उभं राहिलं. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावच “पोन्ते आल्लिंदियानो”, भारतीयाचा पूल. आपल्या प्रवासाची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत होते. त्यांच्या निधनानंतर ती पुस्तकरूपाने आली. माझ्याच वयाचा, माझ्याच मुलखातला माणूस माझ्या दीडशे वर्षं आधी हा रस्ता चालला होता. उफिझीत मी दुसऱ्या दिवशी गेले, पण घरी फोनवर सांगितलं ते छत्रीबद्दल.

वॉर्सात असंच. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, त्यात बायका आणि मुलंच जास्त, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवडे इथे आसरा मिळाला होता. वॉर्सात मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ त्या छावणीची आठवण जपणारं स्मारक आहे. मी फोटो काढत होते तेव्हा एका आजींनी कुठून आलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, कोल्हापूरच्या जवळच्या जिल्ह्यातून. पुढचा अर्धा तास त्यांनी मला सोडलं नाही.

आणि बर्लिनला गेलात तर डालेम भागातल्या इनेश्ट्रासेवरची 22 नंबरची इमारत बाहेरून बघून या. आज ती फ्री युनिव्हर्सिटीची आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत पीएच.डी. करत होत्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांना हे जाणं पसंत नव्हतं, आणि पैशासाठी इरावतीबाईंनी जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं होतं. बाबांना मी या इमारतीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “कर्जावरच.”

10. यंत्र मदत करायला लागलं की सावध व्हा

चेकमध्ये कोरुना, पोलंडमध्ये झ्लॉटी, हंगेरीत फोरिंट. दुकानात किंवा एटीएमवर कार्ड लावलं की यंत्र प्रेमाने विचारतं, रक्कम युरोत घेऊ का? नेहमी “नाही” म्हणा आणि स्थानिक चलनच निवडा. युरो निवडले की विनिमयाचा दर यंत्राचा मालक ठरवतो. रोख लागली तर बँकेच्या भिंतीतलं एटीएम वापरा. पर्यटकांच्या चौकात उभी केलेली सुटी यंत्रं टाळा. एवढंच.

11. मुदतींची यादी करा

नव्या मुलांना मी शेवटी एक कागद घ्यायला सांगते. त्यावर चार तारखा लिहा: सव्विसावा वाढदिवस, अठ्ठाविसावा वाढदिवस, सेमिस्टरच्या तिकिटाचा शेवटचा दिवस आणि निवासपरवान्याची मुदत. मग त्यात दोन सुट्ट्या भरा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, आणि जुलैअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक विद्यापीठांत वर्ग नसतात. परीक्षांचे दिवस वगळा. उन्हाळ्यात हॉटेलं महाग, म्हणून तेव्हा काम करा आणि जवळ हिंडा. फेब्रुवारी-मार्चात थंडी असते, पण तिकिटं स्वस्त असतात आणि रांगा नसतात, म्हणून लांबचं तेव्हा. इतकं लिहिलं की दिसतं, आपल्याकडे वाटतं त्यापेक्षा बरेच कमी आठवडे आहेत.

मी आज लूव्रला गेले तर पूर्ण तिकीट काढीन, आणि ते मला परवडेल. वर्षाच्या ठरावीक रजेतून दिवस काढून, गर्दीच्या शनिवारी जाईन. तेव्हा बुधवारी दुपारी, लॅबमधून सुटून, कार्ड दाखवून आत जाता यायचं. कर्जाचा हप्ता आता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो आणि त्यात फ्लॉरेन्सचा किंवा वॉर्साचा एक पैसाही नाही. बाबांकडे तो सगळा हिशेब आहे. विचारलंत तर दाखवतीलही. हल्ली तेच नातेवाइकांच्या मुलांना फोनवर सांगत असतात, रेल्वेची शेवटून दुसरी गाडी धर म्हणून.